दिडकीच्या नऊ रात्री

त्या खोलीत दार एक, खिडकी एक, पलंग एक आणि कोपऱ्यात जमिनीवर अंथरलेली छोटी गादी एक. पडद्याच्या कड्या चौदा, त्यातली एक तुटकी. दिवे दोन, पैकी मंद पिवळा रात्रभर चालू. गादीवर चादरी दोन, उशी एक, दुलई एक, कापडी प्राणी पाच. त्यातल्या हत्तीला कान एकच. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मिनिटाला साठ, म्हणजे ते बरोबर चालत होतं. दाराला बिजागऱ्या तीन, मधली करकरणारी. एवढं सगळं आत्यानं गुरुवारी संध्याकाळी वहीत उतरवलं, तेव्हा तिची पिशवीसुद्धा अजून उघडलेली नव्हती.

घरात माणसं चार. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. वहिनी शर्टांच्या कारखान्यात कापड कापायची. आत्या दादाची धाकटी बहीण, नऊ दिवसांची रजा टाकून आलेली. आणि दिडकी. दीड वर्षाची म्हणून दिडकी. आणखी सहा महिन्यांनी तिला काय म्हणायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. आत्याला घरात पावशेर म्हणत. जन्मली तेव्हा ती तेवढीच होती असं दादा शपथेवर सांगायचा. तो तेव्हा सात वर्षांचा होता, त्यामुळे त्याची साक्ष कुठं टिकली नसती, पण नाव टिकलं.

आत्याची नोकरी तापमापक तपासण्याची. दवाखान्यांतून, औषधांच्या गोदामांतून तापमापक त्यांच्या प्रयोगशाळेत यायचे आणि प्रत्येक जण किती खोटं बोलतो ते ती लिहून द्यायची.

"रात्री किती वेळा उठते?" तिनं विचारलं.

"खूप वेळा," वहिनी म्हणाली.

"खूप म्हणजे किती?"

"पावशेरबाई, रात्री तीन वाजता माणूस मोजत नाही. माणूस नुसता उठतो."

"आजपासून मी मोजते."

वहिनी हसली, पण हसताना तिनं डोळे मिटले आणि ते उघडायला तिला जरा वेळच लागला. आत्यानं तेही पाहिलं. ती रजा टाकून आली होती ते त्या डोळ्यांसाठीच. मागच्या आठवड्यात शंभर थरांचा कापडाचा गठ्ठा कापताना वहिनीची मान क्षणभर खाली गेली होती. मशीनची सुरी रेघ सोडून गेली. बोटं वाचली, शंभर शर्टांच्या पाठी वाचल्या नाहीत. कापण्याच्या टेबलाचे मास्टर तिच्यावर ओरडले नाहीत, त्याचीच तिला जास्त भीती वाटली. ते एवढंच म्हणाले, "पुढच्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी मी समोर उभा राहून तुझ्याकडून एक गठ्ठा कापून घेणार. मान डुलली तर पॅकिंगला जायचं. तुझी दहा बोटं मला तुझ्या नवऱ्याला मोजून परत द्यायची आहेत."

दोन वर्षं धागे कातर, तीन वर्षं थर पसर, तेव्हा कुठं वहिनीच्या हातात मशीन आलं होतं. टेबलावरून पॅकिंगला गेलेलं माणूस परत टेबलावर आलेलं तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

तेव्हा रात्री होत्या नऊ आणि दिडकीला रात्रभर झोपवायचं होतं.

आत्यानं प्रयोगशाळेच्या पद्धतीनं काम सुरू केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं होतं तसं ठेवायचं. पहिल्या रात्री काहीच बदललं नाही, नुसती नोंद केली. दिडकी उठली ती एक वीस, दोन पन्नास, साडेतीन आणि सव्वाचार. दर वेळी वहिनी उठली, तिला खांद्यावर घेऊन पलंग ते दार अशा फेऱ्या मारल्या आणि परत ठेवलं. सगळ्या मिळून फेऱ्या दोनशे बारा.

"दोनशे बारा?" दादा सकाळी म्हणाला. "एवढ्यात बायको माहेरी चालत पोचली असती."

"निघते की," वहिनी म्हणाली. "पोरगी ठेवून जाते."

दादानं चहाच्या कपात तोंड घातलं.

आत्यानं सोबत एक चांगला तापमापक आणला होता, दर पाच मिनिटांनी आपणहून नोंद ठेवणारा. तो तिनं दोऱ्यानं खोलीच्या मधोमध टांगला: जमिनीपासून दीड मीटरवर, भिंतीपासून लांब, खिडकीच्या झोतात येणार नाही असा. नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलेला हा नियम तिच्या हातात इतका मुरला होता की टेप न लावता तिनं टांगलेला तापमापक दीड मीटरवरच असायचा. त्यानं रात्रभरात दाखवलं ते असं: कमीत कमी चोवीस पूर्णांक एक, जास्तीत जास्त चोवीस पूर्णांक सात. आत्यानं वहीतल्या कारणांच्या यादीतल्या 'उष्णता' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि ती पुढं सरकली.

दुसऱ्या रात्री तिनं आवाज घेतला. घड्याळ स्वयंपाकघरात गेलं, बिजागरीला तेल मिळालं. दिडकी चार वेळा उठली. तिसऱ्या रात्री उजेड घेतला आणि पिवळा दिवा बंद केला. दिडकी चार वेळा उठली आणि दादाच्या पायाचा अंगठा पलंगाच्या पायाला लागला. शेजारच्या बाईंनी जिन्यात सांगितलं की दाढा येत असतील. आत्यानं दिडकीच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं, दिडकीनं ते कडकडून चावलं, आणि दाढा आलेल्या आहेत हे सिद्ध झालं.

रविवारी दुपारी यादीत एकच शब्द रेघेवाचून उरला होता. तो कसा सांगावा याचा विचार आत्यानं भांडी पुसत बराच वेळ केला, आणि शेवटी सरळच सांगितला.

"वहिनी, मला वाटतं सवय आहे."

"कुणाची?"

"तिची. म्हणजे, तुझ्यामुळे लागलेली. लहान मुलं रात्री अधूनमधून जागी होतातच. आपली आपण परत झोपतात. पण ती जरा कुरकुरली की तू उचलतेस. आता तिला वाटतं की उचलल्याशिवाय झोपायचंच नसतं."

"मग काय करू? टाळ्या वाजवू?"

"आजच्या रात्री वीस मिनिटं थांबायचं. फक्त वीस."

वहिनीनं दिडकीकडे पाहिलं. दिडकी भांड्याच्या झाकणात हत्तीला अंघोळ घालत होती. "मी दीड महिना कंबर मोडून घेतली," वहिनी हळू म्हणाली, "आणि गुन्हेगारही मीच."

"गुन्हेगार कोण म्हणतंय?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय." पण शनिवार सहा दिवसांवर आला होता, आणि यादीत खरंच दुसरं काही उरलं नव्हतं. तिनं मान हलवली.

त्या रात्री एक वीसला दिडकी उठली. वहिनी स्वयंपाकघरात स्टुलावर बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, जणू ते सुटून पळतील. आत्या घड्याळ बघत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दिडकीचं रडणं चढत गेलं. त्यात हट्ट नव्हता, तक्रार होती, असं आत्याला वाटून गेलं, पण वाटण्याला वहीत रकाना नव्हता. सतराव्या मिनिटाला वहिनी उठली.

"तीन मिनिटं राहिलीत," आत्या म्हणाली.

"ती तू रड," वहिनी म्हणाली आणि आत गेली.

सोमवारी सकाळी वहिनी आत्याशी बोलली नाही. दादानं दोघींच्या मध्ये बसून हवेबद्दल दोन आणि लिफ्टबद्दल एक वाक्य टाकून पाहिलं. तिन्ही पालथ्या घड्यावरचं पाणी. मग तो बूट शोधायला निघून गेला. बूट त्याच्या पायातच होते.

वहिनी न्हाणीघरात रात्रीचे कपडे धुवायला काढत होती. दर रात्री दिडकीचा सदरा बदलावा लागायचा आणि काढलेला सदरा गुंडाळून बादलीत पडायचा. तिनं तो उलगडला आणि तिचा हात थांबला. मग तिनं तोच सदरा परत एकदा बोटांच्या चिमटीतून फिरवला. सहा वर्षं कापडात गेलेली बोटं ती.

"वन्सं, इकडे या," तिनं हाक मारली. रागात असली की वहिनीची पावशेरबाई वन्सं व्हायची आणि 'तू'चं 'तुम्ही'.

आत्या गेली.

"ही छाती. हात लावा."

"कोरडी आहे."

"ही बाही. कोरडी. आता ही पाठ."

पाठीचं कापड खांद्यापासून खालच्या शिवणीपर्यंत ओलं होतं, अजूनही पिळावं इतकं.

"दुलईनं उकडलं असतं तर घाम वरून आला असता," वहिनी म्हणाली. "छाती भिजली असती, मान भिजली असती. ही फक्त खालून भिजलीय. मी दीड महिना हा सदरा अर्धवट झोपेत काढते आणि बादलीत टाकते. उजेडात बघायला सवडच कुणाला होती?"

आत्या तडक खोलीत गेली. गादी घडी करून ठेवलेली होती. ती गुडघ्यांवर बसली आणि त्या जागी जमिनीवर पंजा टेकवला. फरशी गार होती.

"आता गार आहे," वहिनी दारातून म्हणाली. "रात्री?"

"रात्री तापमापक होता की. अंशभरसुद्धा हललाच नाही."

"कुठं होता?"

आत्यानं बोट वर केलं. दोरा अजून टांगलेला होता. वहिनीनं त्या दोऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं.

"तिथं कोण झोपतं?" तिनं विचारलं.

आत्याचे कान गरम झाले. किती ते तिनं मोजलं नाही. वही उघडून तिनं 'उष्णता' शब्द पुन्हा, रेघेच्या खाली, नव्यानं लिहिला. मग म्हणाली, "वहिनी, चूक माझी आहे. काल रात्रीचीसुद्धा."

"सतरा मिनिटांची," वहिनी म्हणाली.

"सतरा मिनिटांची."

"लिहा मग वहीत." वहिनीनं सदरा बादलीत टाकला आणि कामावर जायला निघाली. जिन्यावरून तिचा आवाज आला, "तिला नाश्ता मऊ करून दे गं." आत्यानं त्यातला 'दे गं' ऐकला आणि तिला जरा बरं वाटलं.

पाचव्या रात्री दिडकीला पलंगावर, आईबापांच्या मध्ये झोपवलं. कोपऱ्यातली गादी जागच्या जागी अंथरली, चादरी दोन, उशी एक, दुलई एक, फक्त आत माणूस नाही. नाहीतर अंगाची ऊब कुठली आणि जमिनीची कुठली हे कळलं नसतं. आत्यानं एक तापमापक त्या गादीखाली सरकवला. दुसरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटाजवळ, तसल्याच एका जाड उशीखाली. रात्री नऊला दोन्हीकडे चोवीस. सकाळी तिनं नोंदी काढल्या. उशीखाली रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी चोवीस पूर्णांक तीन. गादीखाली त्याच वेळी छत्तीस पूर्णांक आठ.

"ही गादी आहे की माणूस?" दादा म्हणाला.

गादीखालचा आकडा बारानंतर चढायला लागत होता आणि पाचनंतर उतरत होता. दिवसा तिथं काही नव्हतं. जमीन रात्रीच तापत होती आणि तेही तेवढ्या कोपऱ्यात. पलंगावर झोपणाऱ्याला, चपला घालून उठणाऱ्याला ते कळणार तरी कसं?

आत्या खाली गेली. खाली लॉन्ड्री होती. लॉन्ड्रीवाल्या काकूंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि तिला थेट मागच्या बाजूला नेलं. तिथं कपडे वाळवायची दोन मोठी मशीनं होती आणि त्यांच्यातून निघालेला जाड पत्र्याचा पाइप छताला चिकटून मागच्या खिडकीतून बाहेर गेला होता. आत्यानं भिंतीपासून पावलं मोजली. वर जिथं गादी होती, बरोबर तिथं खाली पाइपाचं वळण होतं.

"दीड महिना झाला," काकू म्हणाल्या. "दोन हॉटेलांच्या चादरी मिळाल्यात. सकाळी सहाला द्यायच्या असतात, म्हणून बारा ते पाच मशीनं लावते. अगं बाई, म्हणजे मी इथं चादरी वाळवतेय आणि वर पोर वाळतंय."

"पाइप छतापासून खाली घेता येईल का?"

"येईल की. पण तो पाइपवाला पंधरा दिवसांशिवाय उगवत नाही. निरोप आजच धाडते. तोवर जुनी घोंगडी गुंडाळू का त्याला?"

"नको, नको. पेटेल," आत्या म्हणाली.

शनिवारला चार दिवस राहिले होते. खोलीत गादीला दुसरी जागा नव्हती; एकीकडे कपाट, एकीकडे दार, खिडकीखाली पलंग. पलंगावर तिघं हा उपाय पाचव्या रात्रीच निकालात निघाला होता, कारण दिडकी आडवी झोपायची आणि वहिनीच्या वाट्याला पलंगाची कड यायची. तेव्हा गादी हलवता येत नव्हती, पण उचलता येत होती.

मंगळवारी संध्याकाळी दादानं कामावरून खोक्यांच्या फळ्या आणल्या. त्यांची टोकं घासून, बोटभर फट सोडून त्यानं एक बुटकी चौकट ठोकली, खालून चारही बाजूंनी हवा खेळेल अशी, आणि दिडकी लोळून पडू नये म्हणून दोन बाजूंना वीतभर कठडा.

"जन्मभर लोकांना दहा-दहा मजले चढवले," तो खिळा तोंडात धरून म्हणाला. "स्वतःच्या पोरीला एक फूट चढवायला दीड महिना लागला."

"खिळा काढ आधी तोंडातून," वहिनी म्हणाली.

आत्यानं घड्याळ परत भिंतीवर लावलं आणि पिवळा दिवा परत पेटवला.

"हे कशाला?" वहिनीनं विचारलं.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर कशानं झोपली ते कळणार नाही."

"झोपली तर मला कशानंही चालेल."

"मला नाही चालणार," आत्या म्हणाली. बिजागरीतलं तेल तेवढं तिला परत काढता आलं नाही.

सहाव्या रात्री गादीखाली जास्तीत जास्त पंचवीस पूर्णांक चार. दिडकी दोन वेळा उठली, दोन्ही वेळा पाठीवर थोपटताच झोपली, फेऱ्या शून्य. सदऱ्याची पाठ कोरडी. सातव्या रात्री ती एकदाच उठली. पण आत्याच्या वहीत त्या रात्री आणखी एक नोंद झाली. एक वीसला खोलीत काहीच आवाज नसताना वहिनी उठली होती. चौकटीपाशी उभी राहून ती ऐकत होती. दोन पन्नासला पुन्हा. साडेतीनला पुन्हा.

"पेशंट झोपला आणि डॉक्टर जागा," दादा गुरुवारी सकाळी म्हणाला.

"शांतता एवढी झाली की धस्स होतं," वहिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली अजून तेवढंच काळं होतं. "श्वास चाललाय का ते बघावंसं वाटतं."

तेव्हा सवय होती. फक्त ती दिडकीची नव्हती. हे आत्याला उमगलं, आणि या वेळी तिनं तो शब्द तोंडातून काढला नाही.

"आज तू माझ्या जागी बाहेरच्या खोलीत झोप," ती म्हणाली. "दार लावून. मी आत पलंगावर झोपते, दादाला स्वयंपाकघरात टाकू. तिच्याजवळ मी आहे. श्वास मी मोजीन."

"रात्रभर?"

"मिनिटाला चोवीस असतात. लागतील तेवढे मोजीन."

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं. चार दिवसांपूर्वी हिच्याच सांगण्यावरून ती हात दाबून स्टुलावर बसली होती. "रडली तर उचलशील?" तिनं विचारलं.

"पहिल्याच मिनिटाला."

गुरुवारी रात्री वहिनी एकदाच उठून दाराशी आली. आत्या पलंगाच्या कडेला जागी बसलेली होती. तिनं नुसता हात वर केला, चोवीस अशी बोटं करून दाखवायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, आणि वहिनी तोंडावर हात ठेवून हसत परत गेली. शुक्रवारी रात्री ती दाराशी आलीच नाही. दिडकी तीन वाजून दहा मिनिटांनी उठून बसली, हत्तीला चार मिनिटं काहीतरी समजावून सांगितलं, त्याला आडवा केला आणि स्वतः त्याच्या शेजारी आडवी झाली. आत्या पलंगावरून हलली नाही. बाहेरच्या खोलीत वहिनी दहा वाजून पाच मिनिटांनी झोपली होती, ती पाच पन्नासला उठली.

शनिवारी आत्याची गाडी दुपारची होती. दादा दिडकीला घेऊन घरी थांबला आणि आत्या वहिनीचा निरोप घ्यायला कारखान्यावर गेली. दारवानानं तिला कापड कापण्याच्या खोलीच्या काचेपाशी उभं राहू दिलं. आत लांब टेबलावर निळ्या कापडाचे शंभर थर होते, वर खडूची रेघ. शंभर थरांतून सुरी सरळ उतरली तर वरचा आणि तळचा तुकडा सारखा निघतो. हात डगमगला की तळचा कमी-जास्त होतो. तीन मिलिमीटरपर्यंत चालतं, असं वहिनीनं आत्याला सांगितलेलं होतं.

मास्टर टेबलाच्या पलीकडे हात मागे बांधून उभे होते. वहिनीनं जाळीचा हातमोजा चढवला, मशीन सुरू केलं आणि सुरी रेघेवर आणली. वळणाशी ती थांबली, पाय बदलला, पुढं गेली. आत्यानं तिच्या मानेकडे पाहिलं, मग सुरीकडे, मग पुन्हा मानेकडे. अकरा मिनिटांनी मशीन बंद झालं.

मास्टरांनी सर्वांत वरचा तुकडा उचलून टेबलावर पसरला आणि पट्टी लावली. मग गठ्ठा उलटा करून सर्वांत खालचा काढला, तोही पसरला, आणि पुन्हा पट्टी लावली. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून दोन्ही आकडे कागदावर लिहिले आणि कागद वहिनीकडे सरकवला. वहिनीनं तो वाचला, आणि काचेपाशी येऊन आत्याला दिसेल असा धरला.

वरचा: बेचाळीस पूर्णांक पाच सेंटिमीटर. तळचा: बेचाळीस पूर्णांक चार.